बेटं राहू द्या, नाफ्प्लिओला मुक्काम करा: आर्गोलिदाच्या केटेल बससेवेचं परीक्षण

ग्रीसला पहिल्यांदा निघालेल्या विशीतल्या मुलामुलींची आखणी बहुतेक वेळा ठरलेली असते. अथेन्सला दोन दिवस, मग फेरीबोटीने मिकोनोस आणि सँटोरिनी ही बेटं. त्यात बोटींच्या तिकिटांवर आणि बंदरावर वाट बघण्यात इतकं जातं की प्राचीन ग्रीस अक्रोपोलिसच्या एका चक्करेवर आटोपतो. हाताशी पाच-सहा दिवस आणि खिशात बेताचे पैसे असतील तर ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातल्या नाफ्प्लिओ या गावी मुक्काम करावा आणि तिथून केटेलच्या बसने फिरावं. मायसीनी आणि तिरिन्स (प्राचीन तटबंद राजवाडे), एपिडॉरस (प्राचीन रंगमंदिर) ही जागतिक वारसा यादीतली तीन स्थळं आणि पोहण्याजोगे तीन किनारे गावापासून तीसेक किलोमीटरच्या आत आहेत. गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. अट एकच: दिवसाची आखणी बसच्या वेळापत्रकावरून करायची. स्थळांच्या यादीवरून केली की ही सेवा हमखास दगा देते.

केटेल म्हणजे त्या त्या जिल्ह्यातल्या बसमालकांची संघटना. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी, त्यामुळे वेबसाइटही वेगळी आणि तिकीट खिडकीही वेगळी. नाफ्प्लिओ आर्गोलिदा जिल्ह्यात येतं, म्हणून आपल्याला लागते ती केटेल आर्गोलिदास. तिची अथेन्समधली बस किफिसोस स्थानकातून सुटते. अथेन्समध्ये लांब पल्ल्याच्या बसची दोन मोठी स्थानकं आहेत, किफिसोस आणि लिओसिओन, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. डेल्फीची बस लिओसिओनहून निघते, नाफ्प्लिओची किफिसोसहून. किफिसोसला मेट्रो जात नाही. शहरातून ओमोनिया चौकाजवळून ०५१ क्रमांकाची बस घ्यायची. विमानतळावरून थेट एक्स ९३. ही एक्स ९३ दोन्ही स्थानकांवर थांबते, म्हणून उतरताना पाटी बघूनच उतरा. किफिसोस स्थानक कळकट आणि गोंगाटाचं आहे, प्रत्येक जिल्ह्याच्या खिडक्या वेगळ्या आहेत, त्यामुळे सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास तरी हातात ठेवावा.

पुढचा प्रवास मात्र चांगला आहे. बस वातानुकूलित, सीटला नंबर, मोठी बॅग पोटातल्या डिकीत. साधारण अडीच तास लागतात. वाटेत कॉरिंथच्या कालव्यापाशी, म्हणजे इस्थमोसला, थांबा असतो. पुढे फिख्ती, आर्गोस आणि मग नाफ्प्लिओ. शुक्रवारी संध्याकाळी अथेन्सकर मोठ्या संख्येने इकडे येतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. त्या बसचं तिकीट आधीच काढावं. १५ ऑगस्ट हा तिथेही सुट्टीचा दिवस, मेरीमातेच्या सणाचा. त्या सुमारास खोल्या महाग आणि बस भरलेल्या.

खोली घेताना एक खर्च लक्षात ठेवा. ग्रीसमध्ये खोलीमागे दर रात्री हवामान-कर द्यावा लागतो आणि तो बहुतेक वेळा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, गेल्यावर वेगळा मागतात. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात एक-दोन स्टारच्या हॉटेलला हा कर २ युरो, तीन स्टारला ५ युरो, आणि ॲपवरून घेतलेल्या भाड्याच्या फ्लॅटला ८ युरो आहे. म्हणजे स्वस्त दिसलेला फ्लॅट चार रात्रींत ३२ युरोंनी महागतो. दोघंच असाल तर जुन्या गावातलं छोटं हॉटेल किंवा ‘पेन्शन’ (घरगुती लॉज) परवडतं. जुन्या गावात वरच्या आळीला पायऱ्याच पायऱ्या आहेत, चाकांची बॅग तिथे डोक्यावर घ्यावी लागते. पाठीवरची सॅक बरी.

आता मायसीनी. नाफ्प्लिओहून थेट स्थळाच्या दारापर्यंत जाणाऱ्या बस दिवसाला मोजक्याच असतात आणि ऋतूप्रमाणे बदलतात, रविवारी आणखी कमी. आदल्या दिवशी स्थानकाच्या खिडकीवर जाऊन जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या. इंटरनेटवरचे जुने ब्लॉग बघून गेलेले लोकच परतीच्या बसला मुकतात. बस चुकली तर दुसरा मार्ग फिख्तीचा: अथेन्स-नाफ्प्लिओ बस तिथल्या हमरस्त्यावर थांबते. पण फिख्तीपासून अवशेष जवळजवळ चार किलोमीटर, चढाचा रस्ता, आणि तिथे टॅक्सी उभी असेलच असं नाही. सामान घेऊन हा उद्योग करू नये.

स्थळ बघण्याचा क्रमही महत्त्वाचा. सहली घेऊन येणाऱ्या मोठ्या बस साधारण दहानंतर येतात. उन्हाळ्यात दार आठला उघडतं. पहिली बस उशिराची असेल तर तिघं-चौघं मिळून जायची टॅक्सी करा आणि परत बसने या. यात खर्च केलेले पैसे वसूल होतात. किल्ल्याचं मुख्य दार, सिंहद्वार, इ. स. पू. १२५० च्या सुमाराचं आहे. त्याखाली उभं राहून वर बघा. दारावरची आडवी शिळा सुमारे वीस टनांची. तिच्यावर भार पडू नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडली आहे आणि त्या पोकळीत सिंहांचं शिल्प बसवलं आहे. म्हणजे शिल्प हे नुसतं सजावटीचं नाही, ते बसलं आहे ती जागाच बांधकामाच्या गरजेतून निर्माण झालेली आहे. सिंहांची डोकी वेगळी करून जोडलेली होती, ती हरवली. मानेपाशी खाचा दिसतात. आत शिरल्यावर उजव्या हाताला थडग्यांचं वर्तुळ आहे, जिथे जर्मन उत्खननकार श्लीमानला १८७६ मध्ये सोन्याचे मुखवटे सापडले. खरे मुखवटे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, इथे प्रतिकृती. ते अथेन्समध्येच आधी बघून आलात तर हे वर्तुळ नुसते खड्डे वाटत नाही.

ऊन चढायच्या आत वरचा राजवाडा बघून घ्यावा, मग मागच्या बाजूने ईशान्य कोपऱ्यातल्या भूमिगत पाण्याच्या टाकीकडे उतरावं. तटाच्या पोटातून खाली खडकात उतरणारा हा जिना अंधारा आणि गुळगुळीत आहे, मोबाइलची बॅटरी लागतेच. चपला-सँडल नकोत, सगळ्या टेकडीवरचे दगड लाखो पावलांनी घासून काचेसारखे झालेत. दुपारच्या उन्हात खालचं संग्रहालय, ते थंडगार असतं. आणि शेवटी अत्रेउसचा खजिना (नाव खजिना, पण आहे घुमटाचं थडगं), जो बरेच जण विसरतात, कारण तो अवशेषांच्या दाराशी नसून गावाकडे येताना रस्त्यावर पाचशे मीटर आधी आहे. तिकीट तेच, म्हणून ते जपून ठेवायचं. आत गेल्यावर साडेतेरा मीटर उंचीचा घुमट, चुना नाही, मधला आधार नाही, एकेक थर जरासा पुढे सरकवत रचलेला. दारावरची आतली शिळा सुमारे १२० टनांची मानतात. घुमटाच्या मधोमध उभं राहून बोललं की आपलाच आवाज भोवती फिरून येतो. पाच मिनिटं शांत उभं राहण्याची ही जागा आहे. संपूर्ण आर्गोलिदात एकच वास्तू बघायची झाली तर आमचं मत हिला.

एपिडॉरसला जाताना नावाचा सापळा आहे आणि त्यात दरवर्षी पुष्कळ जण अडकतात. बसच्या पाटीवर ‘आर्खेआ एपिदावरोस’ म्हणजे ‘प्राचीन एपिडॉरस’ लिहिलेलं दिसतं, पण ते समुद्रकाठचं गाव आहे, प्रसिद्ध रंगमंदिरापासून बरंच पुढे. तुम्हाला उतरायचं आहे ते लिगुरिओजवळच्या अवशेषांच्या थांब्यावर. चढताना चालकाला ‘अस्क्लिपिओ’ (अवशेषांचं ग्रीक नाव) किंवा ‘थेआत्रो’ (रंगमंदिर) एवढं विचारून खात्री करा.

रंगमंदिर इ. स. पू. चौथ्या शतकातलं. खाली ३४ आणि वर २१ अशा ५५ ओळी. खालचा भाग आधीचा, वरचा नंतर वाढवलेला. वाटाडे मधोमध नाणं टाकून दाखवतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत कुजबुज ऐकू येते असं सांगतात. नेदरलँड्सच्या आइंडहोवन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मोजमापं जाहीर केली. कुजबुज वरपर्यंत पोचत नाही असंच त्यांतून निघालं. पण मोकळ्या आवाजात केलेलं भाषण मात्र माइकशिवाय स्वच्छ पोचतं, आणि नाटकासाठी तेच हवं. इथला उत्सव १९५५ पासून चालू आहे, जुलै-ऑगस्टमधल्या शुक्रवार-शनिवारी रात्री नऊला प्रयोग असतात, आणि प्रयोगाच्या रात्री केटेल खास बस सोडते. नाटकाची आवड असेल तर सहलीच्या तारखाच यावरून ठरवाव्यात. संवाद ग्रीकमध्ये असले तरी दहा हजार माणसं उघड्या आकाशाखाली गप्प बसलेली असतात, ते अनुभवण्यासारखं आहे. दगडावर दोन-तीन तास बसायचं तर खाली घ्यायला काहीतरी न्या. उशीर झाला तर आत सोडत नाहीत.

तिरिन्सला गर्दी नसते. नाफ्प्लिओपासून जेमतेम चार किलोमीटर, आर्गोसच्या बस दारावरून जातात, त्या वारंवार असतात. तटाच्या पोटातल्या दगडी बोळाच्या भिंती मेंढ्यांच्या अंगाने घासून चकचकीत झाल्या आहेत, कारण मेंढपाळ कित्येक पिढ्या तिथे कळप कोंडत. तासाभरात बघून होतं. मायसीनीच्या आदल्या दिवशी बघावं, म्हणजे तिथले तट कसे वाचायचे ते कळतं.

तिकिटांचं आता जड झालं आहे. एप्रिल २०२५ पासून अक्रोपोलिस ३० युरो, मायसीनी आणि एपिडॉरस प्रत्येकी २० युरो. पंचविशीच्या आतल्यांना मोफत प्रवेश फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही. मोफत दिवस मात्र सगळ्यांसाठी: ६ मार्च, १८ एप्रिल, १८ मे, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, २८ ऑक्टोबर, आणि नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याचा पहिला रविवार. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरला तर समुद्र अजून कोमट असतो, उकाडा उतरलेला असतो आणि दोन मोठी तिकिटं वाचतात. जुलैत उष्णतेची लाट आली की सरकार भर दुपारी मोठी स्थळं बंद ठेवतं, ते वेगळंच.

गावातला पलामिदी किल्ला व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये बांधला आणि १७१५ मध्ये तो तुर्कांनी घेतला. ९९९ पायऱ्या असं स्थानिक अभिमानाने सांगतात, मोजणाऱ्यांचा आकडा कमी येतो. सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांना चढ काहीच वाटणार नाही, पण सावली नाही आणि वाटेत पाणी नाही. आठ बुरूज, प्रत्येक स्वतंत्रपणे लढवता येईल असा. एक पडला तरी बाकीचे तग धरावेत ही कल्पना. किल्ल्यांची ओढ असणाऱ्या मराठी माणसाने इथे अर्धा दिवस राखून ठेवावा. खाली गावात संत स्पिरिदोनच्या चर्चच्या दाराशी भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपली आहे: स्वतंत्र ग्रीसचा पहिला प्रमुख कापोदिस्त्रियास याची १८३१ मध्ये तिथेच हत्या झाली, तेव्हा नाफ्प्लिओ राजधानी होती.

किनाऱ्यांत आर्वानितिआ गावाला लागून, पायी जाण्याजोगा, पण गोट्यांचा आणि पटकन खोल होणारा. पोहता येत नसेल तर कराथोना घ्या: वाळू, उथळ पाणी, मागे निलगिरीची झाडं. आर्वानितिआहून तिथे समुद्राच्या कडेने सुमारे तीन किलोमीटरची कच्ची वाट जाते, सुंदर आहे, सकाळी चालावी. तोलो बसने जायचा. वाळू छान, पण पट्टी अरुंद आणि हॉटेलांच्या आरामखुर्च्यांनी भरलेली. २०२४ च्या कायद्याने किनाऱ्याचा किमान निम्मा भाग खुर्च्यांविना मोकळा ठेवणं बंधनकारक आहे. टॉवेल पसरायला कुणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही नाहीत.

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. टॅव्हर्नात (ग्रीक खानावळीत) ‘निस्तीसिमो’ काय आहे असं विचारा: उपासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं. मोठ्या घेवड्याचे गिगांतेस, भाज्यांचं ब्रिआम, उकडलेली पालेभाजी खोर्ता, पिवळ्या डाळीचा फावा. ताटासोबत न मागता येणाऱ्या पावाचे पैसे लावतात. नको असेल तर लगेच परत करा. अर्ध्या लिटर पाण्याची बाटली टपरीवर ५० सेंटच्या आसपास मिळते.

परतताना विमान असेल तर त्याच दिवशीची बस धरू नये. अडीच तास नाफ्प्लिओ ते किफिसोस, तासाभराची एक्स ९३, आणि मध्ये अथेन्सची वाहतूक. धरलीच तर उड्डाणाच्या आधी सात तास निघणारी धरा, रविवार असेल तर आदल्या रात्रीच अथेन्स गाठा.