प्लेराइट आठ महिने वापरल्यावर: टेस्टचा सूट हिरवा आहे, मी नाही

आधीच सांगतो, मी टेस्टर आहे आणि बरीच वर्षं सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं जुनं टूल) काढलीत, त्यामुळे नवीन टूल म्हटलं की पहिली माझ्या कपाळाला आठी पडते. आठ महिन्यांपूर्वी टीमने ठरवलं की वेबसाइटच्या सगळ्या ऑटोमेशन टेस्ट प्लेराइट या तशाच नव्या टूलवर न्यायच्या, टाइपस्क्रिप्ट भाषेत. सेलेनियम २००४ पासूनचं, हे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं, म्हणजे त्याच्यापुढे पोरगंच. म्हटलं बघू किती दिवस टिकतंय.

टिकलं. आणि मुख्य कारण म्हणजे ते वाट बघायचं काम स्वतः करतं. जुन्या टेस्टमध्ये आम्ही दर दोन ओळींनी स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ थांबायची आज्ञा, पेरायचो, इथे तीन सेकंद, तिथे पाच, पाचच का तर चारला एकदा फेल झालेली म्हणून. प्लेराइट क्लिक करायच्या आधी बघतं की बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, एनेबल आहे का, त्याच्यावर लोडिंगचा पडदा वगैरे तर नाही ना, आणि सगळं जमलं की मगच क्लिक करतं. एक्स्पेक्टचं, म्हणजे अपेक्षित निकाल तपासणाऱ्या ओळीचंही तसंच, सेटिंग न बदलता ५ सेकंद परत परत तपासत राहतं. स्लीप काढून टाकले, टेस्ट एकाच वेळी पॅरलल लावल्या, तर पावणेदोन तासांचा रन पंचवीस मिनिटांत व्हायला लागला. मला चहा घ्यायलाही वेळ उरेना.

दुसरी जीव लावावी अशी गोष्ट म्हणजे ट्रेस व्ह्यूअर, टेस्ट चालताना काय काय झालं ते नंतर पायरीपायरीने दाखवणारा. लॉगिनची एक टेस्ट पाच-सहा रनमागे एकदा पडायची, फक्त सीआयवर (कोड पुश झाला की टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर), आणि डेव्हलपरचं नेहमीचं पालुपद, "माझ्या मशीनवर चालतंय." ट्रेस उघडून दोघं बसलो. क्लिक झालेलं दिसतंय, बटण जागेवर आहे, पण नेटवर्कच्या टॅबमध्ये लॉगिनची रिक्वेस्टच नाही. बटण सर्व्हरकडून येऊन स्क्रीनवर उभं होतं, पण त्याला जावास्क्रिप्ट जोडली जायची होती, त्या फटीत क्लिक पडला आणि हवेत गेला. घाईत असलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच होणार, म्हणजे टेस्ट फ्लेकी (उगाच कधी पास, कधी फेल होणारी) नव्हती, बग खरा होता! डेव्हलपरने जावास्क्रिप्ट येईपर्यंत बटण डिसेबल ठेवलं आणि विषय संपला. तोवर आम्ही रीट्राय २ लावून, म्हणजे पडली तर अजून दोनदा चालवून, ती टेस्ट गप्प बसवत होतो हे लिहायला जरा लाज वाटते. रिपोर्टमध्ये प्लेराइट अशा टेस्टवर 'फ्लेकी' असा शिक्का मारून ठेवतं, पण तो रिपोर्ट उघडणार कोण, सूट, म्हणजे टेस्टचा सगळा संच, तर हिरवा आहे ना, सगळं पास.

आता या हिरव्या रंगाबद्दलच. तिसऱ्या महिन्यात मी डिस्काउंट कोडची टेस्ट लिहिली, कोड टाका, अप्लाय करा, एकूण रक्कम कमी झाली का बघा. मस्त पास. रोज पास. दोन महिन्यांनी आमच्या मॅन्युअल टेस्टर, ज्यांना मॅनेजर सारखं "आता ऑटोमेशन आहे, तुम्ही दुसरं काहीतरी बघा" म्हणत होते, त्यांनी सहज दहा मिनिटं चेकआउटवर खेळून सांगितलं की अरे, कोड टाकला तरी रक्कम तशीच राहतेय. माझा विश्वासच बसेना. टेस्ट उघडली तर शेवटच्या एक्स्पेक्टच्या आधी अवेट (निकाल येईपर्यंत थांब असं सांगणारा शब्द) नाही. म्हणजे तपासणी सुरू व्हायची, तिचा निकाल यायच्या आत टेस्ट संपायची आणि पास. दोन महिने ती टेस्ट काहीच तपासत नव्हती आणि मी रोजच्या स्टँडअप मीटिंगला छाती काढून सांगत होतो की चेकआउट कव्हर्ड आहे. तेव्हापासून ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलचा, असे विसरलेले अवेट पकडणारा नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम लावलाय. तुम्ही पहिल्याच दिवशी लावा, माझ्यासारखं तोंडावर पडून शिकू नका.

कव्हरेजवाल्यांनाही हेच सांगणं आहे. कव्हरेज म्हणजे टेस्टमध्ये कोडची ती ओळ चालली, बरोबर चालली असं नाही. शंभर टक्के कव्हरेज एकही एक्स्पेक्ट न लिहिता काढता येतं, हवं तर दाखवतो.

बाकी कुरबुरी. कोडजेन (आपले क्लिक बघून टेस्टचा कोड लिहून देणारी प्लेराइटची सोय) वापरून रेकॉर्ड केलेली टेस्ट सुरुवातीला ठीक आहे, पण तशीच कमिट केली तर डिझाइन बदललं की रडायची पाळी येते. स्क्रीनशॉटची तुलना करत असाल तर बेसलाइन, म्हणजे तुलनेचा मूळ स्क्रीनशॉट, ज्या ओएसवर काढली तिथेच चालवा, नाहीतर फाँटच्या रेंडरिंगमुळे निम्म्या टेस्ट विनाकारण लाल. आणि प्लेराइटच्या वेबकिटवर (सफारीमागचं ब्राउझर इंजिन) पास म्हणजे आयफोनच्या सफारीवर पास हा गैरसमज काढून टाका, ते वेबकिटचं वेगळं बिल्ड आहे, आम्ही खरा फोन अजून हातात घेऊन बघतोच. नेटिव्ह मोबाइल ॲप असेल तर हे टूल तुमच्यासाठी नाहीच.

सेलेनियमकडे परत जायचं का? नाही बाबा. फक्त आता एक सवय लागलीय, नवीन टेस्ट लिहिली की आधी ॲपचा कोड मुद्दाम बिघडवतो आणि टेस्ट लाल होते का बघतो, झाली तरच ठेवतो. गेल्या आठवड्यात ती बिघडवलेली ओळ परत नीट करायची राहिली आणि तशीच पुश झाली. सीआय लाल. डेव्हलपरने स्क्रीनशॉट टाकून ग्रुपवर विचारलं, "हा बग कोणी घातला?" ट्रेस उघडायची गरजच पडली नाही.