शांततेसाठी बांधलेली छोटी लाकडी केबिन: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी माप सांगून टाकतो. आतून ३ × ४ मीटर, उंची २.४ मीटर. काँक्रीटचा पाया नाही. जमिनीत पिळून बसवलेल्या लोखंडी स्क्रू-पाइलवर जोतं ४५ सेंटिमीटर उचललेलं. भिंतीत ५० × १०० मिमीचे वासे, मध्ये लाकूडतंतूंचा भराव, बाहेरून वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा, त्यापुढे पोकळी आणि मग २१ मिमीच्या उभ्या फळ्या. वर पत्रा. ऊन, पाऊस, थंडी तिन्ही काढून झाल्यावर हे लिहितोय.

केबिन शांततेसाठी आहे, म्हणून आवाजापासूनच सुरुवात करायला हवी. भिंत जाड केली की आतलं शांत होतं, हा समज सगळ्यात महागात पडतो. आवाज भिंतीतून कमी आणि फटीतून जास्त येतो. ९० सेमी रुंद, २१० सेमी उंच दाराखाली फक्त ५ मिमी फट राहिली, तरी ती दाराच्या क्षेत्रफळाच्या पाव टक्का होते, आणि ढोबळ हिशेबाने ते दार २६ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग ते सागवानाचं अखंड फळकूट असो की अजून काही. इथे पहिले दोन महिने नेमकं हेच होत होतं. १५ मिमी उंचीचा उंबरठा बसवून चौकटीला चारही बाजूंनी दाबला जाणारा रबरी गास्केट लावला, आणि भिंतीत काहीही न बदलता खोली एकदम निवली.

दाराबद्दल आणखी एक. पावसाळ्यात दार फुगून चौकटीला घासायला लागतं. तेव्हा रंधा मारायचा मोह आवरा. भर पावसात मोकळं केलेलं दार कोरड्या दिवसांत आकसतं आणि बुजवलेली फट परत उघडते. बसवतानाच कडेला ३ मिमी जागा सोडायची आणि बाकीचं काम गास्केटवर सोपवायचं.

दुसरा आवाज कोणी आधी सांगत नाही. ऊन उतरलं की छपरातून टक्… टक्… असं सुरू होतं. ४ मीटरचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकात जवळपास २ मिमी लांबतो-आखडतो. स्क्रूचं भोक स्क्रूच्याच मापाचं असेल, तर पत्रा अडकतो, ताण साठतो आणि मग झटक्याने सुटतो. ध्यानाला बसलेल्या माणसाला तो टक् पावसापेक्षा जास्त खुपतो, कारण पुढचा कधी येणार ते कळत नाही. वरच्या टोकाला पत्रा पक्का, खाली लांबट भोकं आणि रुंद रबरी वॉशर, एवढ्याने तो जवळजवळ थांबला. पावसाच्या आवाजावर मात्र उपाय एकच: पत्र्याखाली पोकळी नको, त्याला आधार देणाऱ्या १८ मिमीच्या फळ्या हव्यात आणि त्याखाली भराव. नुसत्या रिपांवर ठोकलेला पत्रा म्हणजे ढोलच.

केबिनच्या आतली जमीन ३ मीटर लांबीच्या, ५० × १५० मिमीच्या वाशांवर होती. वजनाला पुरेशी, पण चालताना थरथरायची आणि टेबलावरचं पाणी हलायचं. मध्ये एक तुळई आणि तिच्याखाली दोन पाइल घातल्यावर ते गेलं. करकर मात्र खिळ्यांमुळे होती. फळ्या स्क्रूने बसवल्या की बंद.

आता शांततेची दुसरी बाजू. सगळ्या फटी बुजवल्या की हवाही थांबते. या खोलीत साधारण २९ घनमीटर हवा आहे. झोपलेला एक माणूस तासाला १२ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे दर तासाला ४०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) भर. रात्री दोनला डोकं जड होऊन जाग येते ती यामुळे. इथे दोन झरोके केलेत, एक खाली, एक समोरच्या भिंतीत वर, १०० मिमी व्यासाचे. नळीला आत दोन वळणं आणि कडेने मऊ अस्तर. हवा वळते, आवाज त्या अस्तरात जिरतो. ही गोष्ट आराखड्यातच हवी, नंतर भिंत फोडून नीट जमत नाही.

लाकडाचं पाहू. फळ्या आणताना मॉइश्चर मीटरवर (लाकडातला ओलावा मोजणारं यंत्र) १२ ते १५ टक्के असाव्यात. २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलेलं लाकूड बुरशीला आमंत्रण देतं. १४० मिमीची फळी ओलाव्यातल्या चार टक्क्यांच्या फरकाने दीड मिमीपर्यंत हलू शकते, म्हणून एकावर एक चढवलेल्या फळीतून स्क्रू खालच्या फळीत जाऊ द्यायचा नाही. दोन्ही कडांना जखडलेल्या फळ्या इथे तीन ठिकाणी मधोमध चिरल्या. स्क्रू स्टेनलेसचेच, साध्या लोखंडाने सागासारख्या लाकडावर पहिल्याच पावसात काळे ओघळ येतात.

सगळ्यात मोठी चूक भिंतीच्या फळ्यांमागच्या पोकळीत झाली होती. उभ्या फळ्यांना आडव्या पट्ट्या लागतात, आणि त्या थेट पडद्यावर मारल्या की प्रत्येक पट्टीवर पाणी बसतं. आधी २५ मिमीच्या उभ्या पट्ट्या, मगच आडव्या. तळाशी बारीक जाळी, नाहीतर उंदीर आत राहायला येतात.

वळचण ६० सेमी पुढे आहे, तरी पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून वर उडतं. खाली खडी पसरल्यावर शिंतोडे खूप कमी झाले. फळ्यांची खालची टोकं तिरपी कापून त्यांना दोनदा तेल पाजलंय, कारण पाणी आडव्या अंगापेक्षा टोकातून कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं. तेल जवसाचं असेल, तर पुसलेली फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

वाळवीसाठी ४५ सेमीची उंची औषधापेक्षा उपयोगी ठरली. पाइलवरून चढणारी मातीची नळी डोळ्यांना दिसते आणि ब्रशने खरवडून काढता येते. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकून पाहायचं, पाइलच्या माथ्यापाशी आधी.