कोथरूडमधली आमची कचरा-सेवा
पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी येतात. काम चोख. महिन्याचे पैसे थेट त्यांच्या हातात, सुका कचरा विकून मिळेल तेही त्यांचंच. म्हणून दुधाच्या पिशव्या मी धुऊन, वाळवून देते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकचा चमचा दिसला की ताई बादली तिथेच ठेवतात, आणि बरोबरच करतात! कटकट आहे ती बागेच्या कचऱ्याची. २०१६च्या घनकचरा नियमांत तो आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं होतं. आंब्याच्या पाल्यासाठी आम्ही मागे खड्डा केलाय. फांद्यांचं मात्र झाड छाटणाऱ्याशी पैसे ठरवतानाच बोलून घ्या.