आयल्ट्स की पीटीई, फक्त रायटिंगपुरतं बोलू

परवा परभणीहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला, दादा आयल्ट्स देऊ का पीटीई (परदेशात शिकायला जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षा), आणि त्याला पाऊण तास जे सांगितलं तेच इथं लिहून काढतोय, कारण हा प्रश्न मला दर दोन महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगचं ज्याचं त्यानं बघावं. आपल्याकडची पोरं अडकतात ती रायटिंगला. मी दोन्ही परीक्षा दिल्यात, आधी पीटीई मग आयल्ट्स, दोन्ही कॉम्प्युटरवर आणि दोन्ही वेळेस रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे गाठून, म्हणजे झोपेचं खोबरं दोन्हीकडं सारखंच झालं होतं, तेवढ्यापुरती तरी तुलना निष्पक्ष आहे.

फॉरमॅट तुम्हाला माहीत असणारच. आयल्ट्स अकॅडमिकला ६० मिनिटं, त्यात ग्राफ, टेबल, नकाशा नाहीतर एखादी प्रोसेस बघून किमान १५० शब्द, आणि किमान २५० शब्दांचा निबंध. पीटीईचा निबंध २० मिनिटांचा, २०० ते ३०० शब्द, आणि त्याच्या आधी समराईज रिटन टेक्स्ट नावाचं एक प्रकरण. माझं सगळं गाडं त्या प्रकरणापाशी अडकलं, म्हणून त्यावरच जास्त बोलतो.

तीनेकशे शब्दांचा उतारा, १० मिनिटं, आणि सारांश एका वाक्यात. ५ ते ७५ शब्द, आणि एक वाक्य म्हणजे एकच, दुसरं सुरू झालं की फॉर्मचे, म्हणजे ठरलेला साचा पाळल्याचे, मार्क शून्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आपल्याकडं पारावर बसलेला माणूस पाऊस, सोयाबीनचा भाव, पुतण्याची सोयरीक आणि गुडघेदुखी एका दमात एकाच वाक्यात बसवतो, मनात म्हटलं हे तर आपलं घरचं मैदान आहे राव.

पण एक गोष्ट लक्षात आली नव्हती. बारावीच्या सुट्टीत वडिलांनी मला टायपिंग क्लासला घातलं होतं, इंग्रजी मिनिटाला ३० शब्द आणि नंतर ४०, आणि तिथं सरांनी जे बोटात बसवलं ते आजपर्यंत निघालं नाही. पंधरा-वीस शब्द झाले की उजव्या हाताचं बोट आपोआप फुलस्टॉपवर जातं, मग दोन स्पेस, मग शिफ्ट दाबून कॅपिटल. डोकं म्हणतंय इथं विच लाव, वाइल लाव, ऑल्दो लाव, आणि बोट म्हणतंय संपव की आता. घरी प्रॅक्टिसलाही हेच व्हायचं पण घरी आपण बॅकस्पेस मारून पुढं जातो आणि जमलं म्हणतो. परीक्षेत पहिल्या उताऱ्याला मधोमध पडलेला फुलस्टॉप मला शेवटच्या मिनिटात दिसला, तो काढून कॉमा आणि अँड टाकला, तर पुढचं कॅपिटल तसंच राहिलं. दुसऱ्या उताऱ्याला वाक्य एवढं लांबलं की सुरुवातीचा कर्ता एकवचनी होता का अनेकवचनी तेच मला आठवेना, वर जाऊन बघितलं, परत खाली आलो, तेवढ्यात वेळ संपली.

रायटिंगला ९० पैकी ४८ आले. कोर्सला प्रत्येक सेक्शनमध्ये ५० लागत होते, ओव्हरऑल ५८, आणि ओव्हरऑल माझा ६१ होता. आता ते दोन मार्क फुलस्टॉपमुळंच गेले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, निबंधातही माती खाल्ली असेल, रिपोर्टमध्ये प्रश्नवार मार्क येत नाहीत त्यामुळं कळायला मार्ग नाही. पण मला मनातून माहीत आहे. आणि दोन मार्कासाठी अख्खी परीक्षा परत द्यायची, सगळी फी परत भरायची, हे मला लई लागलं.

मग आयल्ट्स. इथंही सगळं गोड नव्हतं, टास्क १ ला, म्हणजे त्या ग्राफ-टेबलवाल्या प्रश्नाला, तर मी पहिले पंधरा दिवस शिव्याच घातल्या. एखादी रेघ वर का गेली हे सांगायचं नाही, आपलं मत द्यायचं नाही, फक्त गेली एवढंच सांगायचं, आणि आपल्या माणसाला मत न देता बोलायचं म्हणजे शिक्षाच. तरी ओव्हरव्ह्यूची, म्हणजे ग्राफमध्ये एकूण काय दिसतं ते सांगणारी, दोन वाक्यं नीट लिहायची सवय लागली की ते हातात येतं. निबंधाचं वजन टास्क १ च्या दुप्पट असतं आणि आधी कुठला लिहायचा याची सक्ती नसते, म्हणून मी निबंध आधी उरकला, बोर्डात जास्त मार्काचा प्रश्न आधी सोडवायचो तसंच. ६० मिनिटं आपली, कशी कापायची ते आपण ठरवायचं. पीटीईत प्रत्येक प्रश्नाला वेगळं घड्याळ, उरलेला वेळ पुढं नेता येत नाही. ज्याला वेळेचा अंदाज राहत नाही त्याच्यासाठी पीटीईची पद्धतच बरी म्हणा, टास्क १ मध्ये चाळीस मिनिटं घालवून निबंध अर्धा सोडलेले दोघं माझ्या बघण्यात आहेत.

पण मला खरं आवडलं ते दुसरंच. आयल्ट्सच्या निबंधाच्या प्रश्नाखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की तुमच्या माहितीतली, अनुभवातली उदाहरणं द्या. आणि उदाहरणांचा दुष्काळ तरी मराठवाड्यात नाही. मला विषय सरकारनं काय करावं आणि लोकांनी काय करावं या धाटणीचा आला होता, तर मी २०१६ ची लातूरची पाण्याची रेल्वे घातली, मिरजेहून वाघिणी भरून पाणी यायचं ते, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बोअर असलेल्या एका घरानं सगळ्यांना घागरी भरू दिल्या ते. तो परिच्छेद लिहिताना मला इंग्रजी शोधावंच लागलं नाही. वाक्यं छोटी होती, बोटाला वाटेल तिथं फुलस्टॉप पडत होता आणि त्याचं कुणाला काही वावडं नव्हतं. रायटिंगला ९ पैकी ६.५ आला.

आता कुणी म्हणेल पीटीईच्या निबंधातही उदाहरण देता येतंच की. येतं ना. पण तिथं तपासणीचा मोठा भाग मशीनचा (आता काही उत्तरं माणसंही बघतात म्हणे, टेम्प्लेटवाल्यांना, म्हणजे पाठ केलेला साचा उतरवणाऱ्यांना, चाप लावायला), आणि मशीनला घागरीचं काय कौतुक असणार असं लिहिताना सारखं वाटत राहतं. आयल्ट्सला एक्झामिनर माणूस असतो. त्यानं मार्क वाढतात असं मी म्हणत नाहीये, पण लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो, माझा तरी झाला. पाठ केलेले निबंध मात्र दोन्हीकडं नेऊ नका. आपल्याला लातूर पॅटर्नची सवय, उत्तर तोंडपाठ पाहिजे, पण पाठांतर एक्झामिनरला लगेच कळतं.

पीटीईच्या बाजूनं बोलायचं तर रायटिंग सुरुवातीच्या भागात येतं, डोकं ताजं असतं. आयल्ट्सला लिसनिंग, रीडिंग करून मधे ब्रेक न घेता रायटिंगला बसायचं, तोवर मेंदूचा भुगा झालेला असतो. पण पीटीईत तुम्ही सारांश लिहीत बसलेले असता आणि शेजारी उशिरा सुरू केलेला पठ्ठ्या स्पीकिंगची उत्तरं माईकमध्ये ओरडत असतो, कानाला हेडफोन लावून सुद्धा मला त्याचं अर्धं उत्तर पाठ झालं होतं.

अजून एक, आयल्ट्स कॉम्प्युटरवर दिली आणि एकाच सेक्शननं घात केला तर ६० दिवसांच्या आत तेवढाच सेक्शन परत देता येतो, वन स्किल रीटेक. सगळ्या युनिव्हर्सिट्या तो धरतातच असं नाही, आधी विचारून घ्या. मला त्याची गरज पडली नाही, पण आहे म्हटल्यावर परीक्षेला बसताना जीव जरा कमी धडधडतो.

तर ज्याचं वाक्य तुटत नाही, जोडवाक्यं ज्याला इंग्रजीत सहज येतात आणि लांब निबंधाचा कंटाळा आहे, त्यानं पीटीई खुशाल द्यावी, चांगली परीक्षा आहे, माझ्या ओळखीत दोघातिघांची पहिल्या झटक्यात निघाली. माझ्यासारखं तुकड्या-तुकड्यानं लिहिणाऱ्यांना मी आपलं आयल्ट्सच म्हणीन.

भावानं सगळं ऐकून घेतलं आणि पीटीईच बुक केली, मित्र तीच देतोय म्हणे. मग मी त्याला रोज एका उताऱ्याचं एक वाक्य व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलंय. काल पहिलं आलं. ८१ शब्द, आणि त्यात दोन फुलस्टॉप.