गाजलेले अल्बम: जुनी प्रत घ्यावी की नवी?

नवा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घरी आला की बहुतेकांची यादी याच तीन नावांपासून सुरू होते: मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर', फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' आणि पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. पाठोपाठ प्रश्न येतोच. त्या काळची जुनी प्रत शोधायची, की आजची सीलबंद नवी आवृत्ती घ्यायची?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. हे अल्बम दुर्मीळ नाहीत. अमेरिकेत 'थ्रिलर'ला ३४ वेळा प्लॅटिनम मिळालं आहे, आणि एक प्लॅटिनम म्हणजे १० लाख प्रतींची विक्री. २०१६पासून या हिशेबात स्ट्रीमिंगही धरतात, पण १९८४ सालीच हा आकडा २०वर पोचला होता. म्हणून 'रेअर आहे' म्हणत कुणी भाव चढवला तर खुशाल पुढच्या दुकानात जा. खरी अडचण निराळी आहे. जो अल्बम घरोघरी पोचला, तो घरोघरी झिजलाही. पार्ट्यांमध्ये वाजला, जड आणि बोथट सुयांखाली वाजला. त्यामुळे जुन्या प्रतीचे पैसे मोजायचे ते तिच्या अवस्थेचे.

अवस्था ओळखायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. रेकॉर्ड त्याच्या उजेडात तिरकी धरा. केसासारखे वरवरचे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र प्रत्येक फेरीला 'टक्' करणार, मिनिटाला ३३ वेळा. धूळ धुऊन निघते. चकाकी जाऊन चर (सुई ज्यांतून फिरते त्या बारीक खाचा) करडे पडले असतील तर ती झीज, ती निघत नाही. लेबलवर भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं दिसलं तर ती प्रत भरपूर वाजलेली आहे. दुकानदार वाजवून दाखवत असेल तर पहिलं गाणं ऐकू नका, बाजूचं शेवटचं ऐका. आतल्या चरांत झीज आधी कळते. 'रूमर्स'च्या पहिल्या बाजूला शेवटी 'साँगबर्ड' आहे, क्रिस्टिन मॅक्‌व्हीचा आवाज आणि पियानो. झिजलेल्या प्रतीत तो पियानो कडांना फाटतो. याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

आता निवड. 'थ्रिलर' जुनाच घ्या. निर्माता क्विन्सी जोन्स आणि ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांच्या लक्षात आलं होतं की एकेका बाजूवर गाणी फार लांब झाली आहेत. बाजू लांबली की चर अरुंद कापावे लागतात, मग आवाज लहान होतो आणि बेसचा जोर जातो. त्यांनी गाणी छाटली आणि मिक्स पुन्हा केले. हा अल्बम रेकॉर्डच्या मापानं शिवलेला आहे, आणि धडधाकट जुनी प्रत ते सिद्ध करते. आवाजाच्या शौकिनांसाठी काढलेल्या महागड्या 'ऑडिओफाइल' आवृत्तीची भुरळ पडली तर २०२२ आठवा. अशा आवृत्त्या काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीनं 'थ्रिलर'च्या ४०,००० प्रती जाहीर केल्या होत्या. त्याच वर्षी, थेट मूळ टेपवरून काढल्या म्हणून लोक घेत असलेल्या त्यांच्या अनेक रेकॉर्डांत मध्ये डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं. डिजिटल टप्प्यामुळे आवाज वाईट होतो असं नाही. पण ज्यासाठी पैसे मोजले ते हातात पडायला हवं.

'रूमर्स'ला मी नवी प्रत सुचवेन, तीही एक ठरावीक: स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे या ध्वनितंत्रज्ञांनी चर कापलेली, ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) दोन रेकॉर्डांची आवृत्ती. तीन वेळा उठून बाजू बदलावी लागते, पण गिटारच्या तारांवरची बोटं ऐकू येतात. एवढं बजेट नसेल तर चांगली जुनी प्रतही पुरते.

'डार्क साइड'ला मात्र नवीच. तो अल्बम शांततेतून हळूहळू वर येणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, आणि तिथेच खरखर आली तर सगळंच बिघडतं. जुनी घेणारच असाल तर आत दोन पोस्टर आणि पिरॅमिडचे स्टिकर आहेत का पाहा. १९७३ साली ते सोबत यायचे.

नवी म्हणजे निर्दोष, असंही समजू नका. मी घेतलेल्या एका सीलबंद प्रतीचं भोक केंद्रापासून सरकलेलं होतं. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावी-उजवीकडे झुलत होता आणि प्रत्येक लांब सूर डचमळत होता. रेकॉर्ड जाड, १८० ग्रॅम वजनाची होती, पण त्यानं काही फरक पडला नाही. म्हणून नवी प्रत घेताना ती बदलून मिळेल का, हे आधी विचारा, आणि घरी आणल्याच्या दिवशीच दोन्ही बाजू पूर्ण ऐका.

आणि टर्नटेबल सेकंडहँड असेल, सुई किती तास वाजली आहे ते कुणालाच ठाऊक नसेल, तर पहिला खर्च नव्या सुईवर करा. झिजलेली सुई चांगली प्रतही खराब करते.