अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होणारं वर्कस्टेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीन दणकट आहे, त्याबद्दल वाद नाही. जड रेंडरलाही (तासन्‌तास चालणारं चित्र-व्हिडिओ तयार करण्याचं काम) पंख्यांचा आवाज बेताचाच, आणि रॅम किंवा डिस्क बदलायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. तरी हा रिव्ह्यू मुख्यतः एकाच दुखण्याबद्दल आहे: अपडेट झालं की पुढचे काही दिवस हे वर्कस्टेशन मधेच रीस्टार्ट व्हायचं. रात्री रेंडर लावून जावं आणि सकाळी समोर लॉगिन स्क्रीन.

अशा वेळी सगळं खापर विंडोज अपडेटवर फुटतं. पण त्याआधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) उघडून सिस्टिम लॉग बघा. १०७४ क्रमांकाचा इव्हेंट असेल तर रीस्टार्ट कुणीतरी रीतसर मागितलेला असतो. कोणत्या प्रोसेसने मागितला तेही तिथेच लिहिलेलं असतं. ट्रस्टेडइन्स्टॉलर (अपडेट बसवणारी विंडोजची प्रोसेस) दिसला तर अपडेटनेच मशीन बंद केलं. त्यावर इलाज सोपा आहे. अ‍ॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळेत अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होत नाही ती वेळ) जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात, म्हणजे रात्रभराच्या कामाला ते पुरतीलच असं नाही. मी मोठ्या रेंडरआधी अपडेट सरळ पॉज करतो.

माझ्याकडे मात्र दर वेळी ४१ क्रमांकाचा इव्हेंट होता, ‘कर्नल-पॉवर’ नावाचा. नावात पॉवर दिसली की लोक लगेच एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायला धावतात. हा इव्हेंट एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. खरी माहिती डिटेल्स टॅबमध्ये, बगचेककोड (क्रॅशच्या कारणाचा क्रमांक) या ओळीत असते. तिथे शून्य असेल तर वीज, पॉवर सप्लाय किंवा पूर्ण हँग यांचा संशय घ्यायचा. माझ्याकडे २७८ होता. हा आकडा दशमान पद्धतीत असतो. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये हेक्स (१६ च्या पायावरची पद्धत) केला की ११६ येतो, म्हणजे व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. टीडीआर म्हणजे अडकलेला ग्राफिक्स ड्रायव्हर ओळखून पुन्हा सुरू करण्याची विंडोजची सोय. ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरलेल्या वेळात (मुळात २ सेकंद) उत्तर दिलं नाही, विंडोजने त्याला रीसेट करून पाहिलं, तेही जमलं नाही. निळी स्क्रीन दिसत नव्हती, कारण स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वर मुळातच टिक असते. ती आधी काढा.

मग रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. विंडोजमधलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचं टूल, असं माझं मत. एकाच पट्टीवर कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि कधी क्रॅश झालं ते दिसतं. क्रॅशच्या लाल फुल्या सुरू होण्याआधी दर वेळी एकच नोंद होती: मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट युटिलिटीने गुपचूप टाकलेला नवा ग्राफिक्स ड्रायव्हर. विंडोजच्या मासिक अपडेटशी या तारखा जुळतच नव्हत्या.

डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण करडं होतं, कारण मागचा ड्रायव्हर शिल्लकच नव्हता. म्हणून सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालतं तो मोड) जाऊन ड्रायव्हर पूर्ण काढला, कार्डाच्या कंपनीचा जुना स्थिर ड्रायव्हर टाकला आणि युटिलिटीला फक्त ‘कळवा’वर ठेवलं. तेव्हापासून ४१ पुन्हा दिसलेला नाही. टीडीआरची मुदत रजिस्ट्रीतून वाढवायचा सल्ला बरेच जण देतात. ग्राफिक्स कार्डावरच्या (जीपीयू) खूप लांब कामांसाठी तो ठीक आहे, पण बिघडलेल्या ड्रायव्हरवर तो उपाय नव्हे.

बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं फर्मवेअर) अपडेटही ही युटिलिटी आपणहून करू पाहते. ते मी हातानेच करतो, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) सस्पेंड करून. नाहीतर पुढच्या बूटला बिटलॉकर ‘रिकव्हरी की’ मागून बसतो. आणि फर्मवेअर म्हणजे सुरक्षितच असंही नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या कोडचं अपडेट) हॅसवेल आणि ब्रॉडवेल प्रोसेसरची मशीन्स आपोआप रीबूट होऊ लागली, तेव्हा खुद्द इंटेललाच तो टाकणं थांबवा असं सांगावं लागलं होतं.

कंपनीच्या सपोर्टचं पहिलं उत्तर अपेक्षित होतं: विंडोज नव्याने टाका. मिनिडंप फाइल्स (क्रॅशच्या वेळी विंडोज साठवते ती माहिती) पाठवल्यावर सूर बदलला. मात्र तोच ड्रायव्हर त्यांच्या युटिलिटीत अजूनही ‘रेकमेंडेड’ म्हणून झळकतोय.