राजारामपुरीतली ग्रीक नगरराज्यांची कार्यशाळा, पोरांना घेऊन नक्की जावा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारी प्राचीन ग्रीसवर दिवसभराची कार्यशाळा असते, आठवीतल्या लेकीला घेऊन जाऊन आलो, फी पूर्ण वसूल. शाळेच्या पुस्तकात अथेन्सची लोकशाही दोन परिच्छेदात उरकतात, इथं तो कारभार स्वतः चालवून बघायला मिळतो.

सगळ्यात भारी म्हणजे पंच निवडायचं यंत्र. अथेन्सच्या कोर्टात कोण बसणार हे नशिबावर ठरायचं, उभ्या दगडी पाटीवर खाचांच्या रांगा, त्यात प्रत्येकानं आपल्या नावाची पट्टी खोचायची, बाजूच्या नळीतनं पांढरी नाहीतर काळी गोटी पडणार, पांढरी आली की ती आख्खी आडवी रांग आत आणि काळी आली की आख्खी रांग घरी. कार्यशाळा घेणाऱ्या मॅडमनी हे सुताराकडनं प्लायवूडमध्ये करून घेतलंय आणि गोटी पडताना हॉल एकदम चिडीचूप. "मग आधी लाच कुणाला देणार?" असं लेकीनंच विचारलं, मॅडमना वेगळं काही समजवायला लागलंच नाही.

मग खटला. वादी-प्रतिवादीनं स्वतःच बोलायचं आणि खालच्या भोकातनं गळणाऱ्या भांड्यातलं पाणी संपलं की गप्प बसायचं. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात खणताना असं भांडं खरंच सापडलंय, ६.४ लिटर पाणी, सहा मिनिटांत रिकामं. आमच्यातल्या एका काकांचं पाणी संपलं तेव्हा ते मुद्द्यावर यायचे होते.

जेवणानंतर खापऱ्या. गंगावेशच्या कुंभार गल्लीतनं फुटकी मडकी आणलेली, त्यावर खिळ्यानं नाव कोरायचं, ज्याच्या नावाच्या जास्त त्यानं दहा वर्षं शहर सोडायचं, जमीनजुमला मात्र त्याचाच राहतो. तिकडं असा निकाल लागायला किमान ६००० खापऱ्या पडायला लागायच्या. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस, त्यानं अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरियनच्या खाणीतल्या चांदीतनं जहाजं बांधायला लावली, इ.स.पू. ४८० ला सालामिसला इराणी आरमार हरवलं, आणि त्यालाच पुढं लोकांनी असं घालवलं! एका विहिरीत त्याच्या नावाच्या १९० च्या आसपास खापऱ्या सापडल्यात आणि अक्षर बघितलं तर फक्त १४ जणांचं, म्हणजे कुणीतरी आधीच कोरून वाटायला ठेवलेल्या. ह्यावर आमच्या गटात असा वाद रंगला की चहा गार झाला.

मला मॅडमचं खरं कौतुक वाटतं ते पुढच्या फेरीचं. बायका, बाहेरून येऊन राहिलेले आणि गुलाम, सगळ्यांना मतदानातनं उठवून भिंतीकडं बसवलं. लेक उठली, बायको उठली, चिठ्ठीत 'गुलाम' आलेले उठले, आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या झाल्या. इ.स.पू. ४५१ पासून तर आईबाप दोघंही अथेन्सचे असले तरच नागरिक. ती चांदी खणणारे खाणीतले गुलाम, त्यांना तर काहीच नाही. लेक घरी येईपर्यंत ह्याच्यावरच बोलत होती.

नाश्ता साधा पण विचार करून ठेवलेला, जवाची जाड भाकरी, अंजीर, मध, ऑलिव्ह, चीज. मिरची आणि टोमॅटो तिकडं तेव्हा नव्हतेच, त्यामुळं तिखट मागू नका. मटण पण रोजचं नसायचं, बहुतेक करून देवाला बळी दिला की त्याचा वाटा मिळायचा.

एक तक्रार आहे. स्पार्टा, म्हणजे ग्रीसमधलं दुसरं मोठं नगरराज्य, शेवटच्या अर्ध्या तासात कोंबलाय. दोन राजे एकाच वेळी, त्यांच्यावर लक्ष ठेवायला वर्षाला निवडलेले पाच अधिकारी, साठी ओलांडलेल्या २८ म्हाताऱ्यांची सभा, सातव्या वर्षी लष्करी शिक्षणाला घरातनं नेलेली पोरं आणि ह्या सगळ्यांसाठी शेतात राबणारे हेलॉट म्हणजे गुलामासारखे लोक, एवढं सगळं नुसतं स्लाइडवर दाखवून संपवलं. ह्याला वेगळा अर्धा दिवस पाहिजेच, मी फॉर्मवर तसं लिहून आलोय. झेरॉक्स पण फिकट होत्या, नकाशा वाचताच येत नव्हता.

सातवीच्या खालची पोरं कंटाळतील. स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर जावाच. हॉलला पंखे कमी आहेत, खिडकीकडची जागा पकडा.